दुसऱ्या मार्शमेलोचा इतिहास

१/ शाळेत कोणते मूल पुढे जाईल, हे बुद्धीवर ठरते की स्वभावावर? प्रश्न जुना आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला एक विलक्षण सुटसुटीत उत्तर मिळाले: समोर ठेवलेली मिठाई न खाता जे मूल १५ मिनिटे थांबते, ते पुढे परीक्षेत आणि आयुष्यातही यशस्वी होते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या मराठी व्याख्यानांतूनही हा 'मार्शमेलोचा प्रयोग' अनेकांच्या कानांवर पडलेला असतो. हा धागा त्या प्रयोगाच्या इतिहासाचा.

२/ मार्शमेलो म्हणजे साखर आणि जिलेटिन यांची मऊ, फुगीर, पांढरी मिठाई. गोष्ट सांगताना बहुधा कॅलिफोर्नियातील एका बालवाडीपासून सुरुवात केली जाते. तिचा खरा आरंभ मात्र कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर झाला, आणि त्या आरंभात भारतातून गेलेल्या मजुरांची वंशज मुले आहेत. हा भाग गाळला की पुढची सारी गोष्टच वेगळ्या अर्थाने वाचली जाते.

३/ ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३० च्या दशकात कायद्याने संपली. त्रिनिदादच्या ऊसमळ्यांना मग स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी घेऊन तेथे पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार भारतीय त्या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासकडचे. पूर्वीच्या आफ्रिकी गुलामांचे वंशज आणि हे नवे मजूर शेजारी शेजारी राहू लागले. मात्र दोघांची घरे, देव आणि एकमेकांविषयीची मते वेगळीच राहिली.

४/ १९५० च्या दशकाच्या मध्यावर वॉल्टर मिशेल नावाचे पंचविशीतले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ या बेटावर उन्हाळे घालवू लागले. त्यांचा जन्म १९३० सालचा, व्हिएन्नातील ज्यू कुटुंबातला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर हे कुटुंब देश सोडून निघाले आणि अखेर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थिरावले. त्रिनिदादला मिशेल गेले ते मिठाईसाठी नव्हे. आफ्रिकी वंशाच्या लोकांमधील अंगात येण्याचे विधी पाहणे, हे तेथील मूळ काम होते.

५/ खेड्यात राहताना दोन्ही समाजांच्या तोंडून एकमेकांविषयी ऐकू येई. भारतीय म्हणत, 'हे लोक आजचा दिवस मजेत घालवतात, उद्याचा विचार करत नाहीत.' आफ्रिकी वंशाचे म्हणत, 'हे लोक नुसते राबतात, पैसा गादीखाली दडवतात, जगणे यांना ठाऊकच नाही.' प्रत्येकाला दुसऱ्याचा स्वभाव पक्का माहीत होता. शेजाऱ्याच्या स्वभावाविषयी अशी खात्री असणे, हे काही एका बेटाचे वैशिष्ट्य नव्हे.

६/ मिशेल यांनी ही समजूत तपासून पाहिली. एका ग्रामीण शाळेतील ७ ते ९ वर्षांच्या, पन्नासेक मुलांना त्यांनी साधा पर्याय दिला: लहान चॉकलेट आज घ्या, किंवा पुढच्या आठवड्यात मोठे घ्या. निकाल वरवर पाहता शेजाऱ्यांच्या मताला दुजोरा देणारा होता. भारतीय मुलांत थांबणारी अधिक निघाली, आफ्रिकी वंशाच्या मुलांत आजच घेणारी अधिक. तेथेच थांबले असते, तर वंशावरून स्वभाव ठरतो म्हणणाऱ्यांना आणखी एक आधार मिळाला असता.

७/ पण मुलांच्या घरांची माहितीही घेतलेली होती. वडील घरी असलेली मुले आणि नसलेली मुले असे गट पाडताच चित्र बदलले. वडील घरी असलेली मुले, ती कोणत्याही वंशाची असोत, थांबण्याकडे झुकत होती. भारतीय मुलांच्या घरी वडील जवळजवळ नेहमीच होते. आफ्रिकी वंशाच्या अनेक घरांत नव्हते. हा फरक लक्षात घेतल्यावर वंशाचा फरक उरला नाही. हा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला.

८/ त्यामागचे कारण मिशेल यांनी पुढे असे मांडले: पुढच्या आठवड्यात मोठे चॉकलेट आणून देतो, असे सांगणारा माणूस परका होता, गोरा होता, पुरुष होता. ज्या मुलाने पुरुषाने दिलेला शब्द पाळला गेल्याचे फारसे पाहिलेच नव्हते, त्याने त्या शब्दावर का विसंबावे? मराठीत 'हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' अशी म्हण आहे. ती अविचारी माणसांसाठी रचलेली नाही, शहाण्यांसाठी आहे. त्रिनिदादमधील आज घेणारे मूल त्या म्हणीप्रमाणे वागत होते. थांबण्यासाठी संयम लागतो, हे खरे. पण त्याआधी विश्वास लागतो.

९/ येथून पुढे मिशेल एका वेगळ्या वादात उतरले. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या 'पीस कोअर'तर्फे तरुण शिक्षक नायजेरियाला पाठवले जात. त्यांपैकी कोण चांगले शिकवील, हे तज्ज्ञांनी मुलाखती आणि चाचण्या घेऊन वर्तवले होते. ते अंदाज प्रत्यक्ष कामाशी फारसे जुळले नाहीत. १९६८ च्या 'पर्सनॅलिटी अँड असेसमेंट' या ग्रंथात मिशेल यांनी या साऱ्या पद्धतीवरच घाव घातला. माणसाचा स्वभाव म्हणून जे स्थिर गुण मोजले जातात, त्यांवरून एखाद्या विशिष्ट प्रसंगी तो कसा वागेल हे फार थोडे कळते. प्रसंग बदलला की वागणे बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१०/ मानसशास्त्रात या ग्रंथामुळे उठलेला वाद दोन दशके चालला. आणि या इतिहासातील सर्वात मोठी विसंगती येथेच आहे. स्थिर स्वभावगुणांची कल्पना ज्याने सर्वांत कठोरपणे तपासली, त्याच माणसाचे नाव पुढे जगभर एका स्वभावगुणाच्या चाचणीशी जोडले गेले.

११/ मिशेल १९६२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. विद्यापीठाच्या आवारात १९६६ साली 'बिंग' बालवाडी सुरू झाली. तिची बांधणीच निरीक्षणासाठी होती. आतून आरसा आणि बाहेरून काच असलेल्या खिडक्यांमधून संशोधक मुलांना पाहू शकत. येथील मुले बहुतांशी प्राध्यापकांची आणि विद्यापीठाशी संबंधित घरांतली. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

१२/ १९६८ ते १९७४ या काळात सहाशेहून अधिक मुले, बहुतेक ४ ते ५ वर्षांची, एका लहानशा खोलीत बसवली गेली. टेबल, खुर्ची, बशी. बशीत मुलाच्या आवडीचा खाऊ. 'मी जरा बाहेर जातो. मी आपण होऊन परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबवेनासे झाले तर घंटी वाजव, मी लगेच येईन. पण मग एकच मिळेल.' दार बंद होई. थांबण्याची कमाल वेळ साधारण १५ मिनिटे असे. आरंभीच्या प्रयोगांतील खाऊ बिस्किटे आणि प्रेट्झेल नावाच्या खारट कांड्या असा होता. मार्शमेलो हा अनेक खाऊंपैकी एक. प्रयोगाचे ते नाव नंतर रूढ झाले.

१३/ एक पायरी मात्र लोकप्रिय कथनांतून साफ नाहीशी झाली आहे. खरा खेळ सुरू होण्यापूर्वी प्रयोग घेणारा बाहेर जाई आणि मुलाने खूण करताच तत्काळ परत येई. असे अनेकदा केले जाई. म्हणजे, 'हा माणूस सांगतो तसे करतो' याची खात्री मुलाला आधी करून दिली जात होती. त्रिनिदादचा धडा मिशेल विसरले नव्हते. त्यांनी खोलीतून अविश्वास शक्य तितका बाहेर काढला, आणि मगच संयमाचा प्रश्न विचारला.

१४/ प्रश्न तरी कोणता? कोणते मूल संयमी आणि कोणते अधीर, हा नव्हेच. कोणत्या परिस्थितीत मुलाला थांबणे सोपे जाते, हा होता. एब एबसेन यांच्यासह १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातील आकडे बोलके आहेत. दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर असताना मुले सरासरी जेमतेम मिनिटभर थांबली. दोन्ही झाकलेले असताना ११ मिनिटांहून अधिक. मुले तशीच, बालवाडी तीच, खाऊही तोच. बशीवर झाकण आहे की नाही, एवढ्यावर थांबणे जवळजवळ दहा पटींनी बदलत होते.

१५/ आरशामागून दिसणारी दृश्ये संशोधकांनी नोंदवून ठेवली. कोणी डोळ्यांवर हात धरी, कोणी पाठ फिरवून बसे, कोणी गाणी म्हणे, कोणी हातापायांचे खेळ शोधून काढी, कोणी झोपण्याचा प्रयत्न करी. पुढच्या प्रयोगांत मुलांना युक्त्याच सुचवण्यात आल्या. मार्शमेलो म्हणजे ढग आहे असे समज. समोर आहे ते खरे नाही, भिंतीवरच्या चौकटीतले चित्र आहे असे समज. एरवी मिनिटभरात घंटी वाजवणारी मुले अशा वेळी चिकाटीने बसून राहत. उलट, खाऊ किती चविष्ट आहे याचा विचार करायला सांगितले की संयमी मुलांचाही धीर सुटे.

१६/ निष्कर्ष असा, की ज्याला बाहेरचे जग 'इच्छाशक्ती' म्हणते ती बरीचशी युक्ती असते, आणि युक्ती शिकवता येते. स्वतः मिशेल यांनाही हे अनुभवाने कळले होते. ते दिवसाला तीन पाकिटे सिगारेट ओढत. स्टॅनफर्डच्या रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक रुग्ण चाकांच्या खाटेवरून नेला जाताना त्यांनी पाहिला, आणि सिगारेटची इच्छा होताच तो चेहरा आठवण्याची सवय त्यांनी मनाला लावली. व्यसन सुटले. संयमावरील जगातील सर्वात प्रसिद्ध संशोधकाचा स्वतःचा संयम हा असा कमावलेला होता.

१७/ आता ती कलाटणी, जिच्यामुळे हा प्रयोग शाळांपर्यंत पोहोचला. मिशेल यांच्या तिन्ही मुली बिंग बालवाडीत शिकल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर ते सहज विचारत, अमका कसा आहे, तमकी अभ्यासात कशी आहे? उत्तरे ऐकताना त्यांना जाणवले की बालवाडीत अधिक वेळ थांबलेल्या मुलांविषयी बरे ऐकू येते. मग पालकांना पत्रे गेली, प्रश्नावल्या गेल्या. हा पाठपुरावा मूळ योजनेत नव्हताच.

१८/ युईची शोडा, मिशेल आणि फिलिप पीक यांचा निबंध १९९० मध्ये आला. त्यात अमेरिकेतील महाविद्यालय-प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेतील गुणांशी बालवाडीतील थांबण्याचा संबंध दाखवला होता: भाषेच्या गुणांशी ०.४२, गणिताच्या गुणांशी ०.५७. अशा अभ्यासांत हे आकडे मोठेच. पण ते होते अवघ्या ३५ मुलांचे. ज्यांच्यासमोर खाऊ उघडा होता आणि ज्यांना कोणतीही युक्ती सांगितलेली नव्हती, त्यांच्याच बाबतीत हा संबंध दिसला. खाऊ झाकलेला असताना किंवा युक्ती सांगितलेली असताना तसा संबंध आढळला नाही. नमुना लहान आहे, जपून वाचा, असे लेखकांनीही लिहून ठेवले होते.

१९/ जपून कोणी वाचले नाही. १९९५ मध्ये डॅनिएल गोलमन यांचे 'इमोशनल इंटेलिजन्स' हे पुस्तक आले आणि जगभर खपले. त्यात हा प्रयोग दिमाखाने अवतरला. पुस्तकामागून व्याख्याने आली, व्याख्यानांमागून चित्रफिती. या प्रवासात झाकण असलेली बशी गेली, ढगांची युक्ती गेली, ३५ हा आकडा गेला आणि त्रिनिदाद तर केव्हाच गेले होते. उरले एवढेच: चार वर्षांचे मूल, एक मिठाई आणि त्याचे भविष्य.

२०/ त्यानंतर ही कल्पना अमेरिकेतील गरीब वस्त्यांच्या शाळांत शिरली. 'किप' ही शाळांची साखळी १९९४ साली ह्यूस्टन येथे सुरू झाली. तिचे बहुतेक विद्यार्थी अल्प उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो घरांतले. तिच्या काही विद्यार्थ्यांच्या अंगावर 'मार्शमेलो खाऊ नका' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी छापलेले सदरे होते. २०११ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील किपच्या शाळांतून चारित्र्याचे प्रगतिपुस्तक दिले जाऊ लागले. उत्साह, चिकाटी, आत्मसंयम, आशावाद, कृतज्ञता, सामाजिक समज आणि जिज्ञासा. या प्रत्येक गुणासाठी शिक्षकांनी ५ पैकी गुण द्यायचे.

२१/ या शाळांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गरीब घरातील मूल बुद्धीने कमी नसते आणि योग्य सवयी लागल्या तर ते कोठेही जाऊ शकते, हा तेथील शिक्षकांचा विश्वास होता. परंतु स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांच्या मुलांवर, विश्वासाची तजवीज केलेल्या खोलीत झालेल्या प्रयोगाचा अर्थ आता विश्वासाची तजवीज नसलेल्या वस्तीतील मुलांच्या सदऱ्यावर छापला जात होता. बशीवर झाकण ठेवणे हे प्रयोग घेणाऱ्याचे काम होते. सदऱ्यावरच्या ओळीने ते सारे मुलाच्या अंगावर टाकले.

२२/ याच काळात अँजेला डकवर्थ यांचे काम पुढे आले. त्या पूर्वी शाळेत गणित शिकवत. मार्टिन सेलिग्मन यांच्यासह २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी आठवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला: वर्षअखेरीच्या गुणांचा अंदाज बुद्ध्यंकापेक्षा स्वयंशिस्तीवरून अधिक चांगला बांधता येत होता. २००७ पासून 'ग्रिट', म्हणजे दीर्घकाळ टिकणारी जिद्द, हा शब्द त्यांनी रूढ केला. २०१७ मध्ये एका व्यापक पुनर्विश्लेषणाने दाखवले की ही जिद्द आणि मानसशास्त्रातील जुनी 'कर्तव्यदक्षता' यांत फारसा फरक नाही आणि यशाशी तिचा संबंध बेताचाच आहे.

२३/ डकवर्थ यांच्याविषयी एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. कॅलिफोर्नियातील काही शालेय जिल्हे मुलांच्या अशा गुणांची मोजमापे शाळांच्या मूल्यांकनात धरू लागले, तेव्हा २०१६ मध्ये त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून विरोध केला आणि त्या उपक्रमातून अंग काढून घेतले. ही मोजमापे मुलांना समजून घेण्यासाठी आहेत, शाळांना बक्षीस वा शिक्षा देण्याइतकी ती अचूक नाहीत, असे त्यांचे म्हणणे. आपल्याच शोधाच्या प्रसिद्धीला आवर घालणारे संशोधक विरळा.

२४/ त्रिनिदादचा विसरलेला धागा पुन्हा हाती आला तो न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात. सेलेस्ट किड यांनी तरुणपणी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केले होते. जेथे कोणतीही वस्तू कोणत्याही क्षणी हिरावली जाऊ शकते, तेथील मूल दुसऱ्या मार्शमेलोसाठी थांबेल का, असा प्रश्न त्यांना पडला. न थांबण्यात त्याचे काय चुकले, हाही.

२५/ २०१३ च्या त्यांच्या निबंधातील प्रयोग लहान पण नेमका आहे. ३ ते ५ वर्षांची २८ मुले. चित्र रंगवण्यासाठी आधी जुने, वापरलेले खडू दिले आणि सांगितले, थोडे थांबलास तर चांगले खडू आणते. निम्म्या मुलांना खरोखर नवे खडू मिळाले. उरलेल्या निम्म्यांना, 'माफ कर, आमच्याकडे नाहीतच' असे उत्तर मिळाले. मग तोच प्रकार चिकटचित्रांच्या बाबतीत केला. आणि त्यानंतर मार्शमेलो.

२६/ शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. शब्द मोडला गेलेली ३ मिनिटे. पहिल्या गटातील १४ पैकी ९ मुले पूर्ण १५ मिनिटे बसून राहिली; दुसऱ्या गटातील १४ पैकी फक्त १. कोणते मूल कोणत्या गटात जाईल, हे दैवगतीने ठरवले होते. तेव्हा स्वभावाचा फरक हे याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. चार मिनिटांच्या खडूंच्या खेळाने जर एवढा फरक पडतो, तर चार वर्षांच्या घरगुती अनुभवाने किती पडत असेल?

२७/ २०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ३५ ऐवजी ९१८ मुलांची माहिती तपासली. ही मुले अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांतली, आणि त्यांत आई महाविद्यालयात न शिकलेली घरे पुरेशी होती. थांबणे आणि १५ व्या वर्षीची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध सापडला, पण १९९० च्या निबंधातील संबंधाच्या निम्माच. घरची परिस्थिती आणि मुलाची आरंभीची आकलनशक्ती हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोनतृतीयांश भाग गळून पडला. शिवाय जो काही संबंध होता तो बहुतांशी पहिल्या २० सेकंदांतच संपत होता. त्यापुढे मूल दोन मिनिटे थांबले की सात, याने फारसे काही सांगितले जात नव्हते.

२८/ यावरून संयमाला काही किंमत नाही असा अर्थ काढणे, ही दुसऱ्या टोकाची घाई होईल. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा होत आला आहे. तेथे ३ ते ११ या वयातील आत्मसंयम पालक, शिक्षक, निरीक्षक आणि स्वतः मुले अशा अनेकांच्या सांगण्यावरून, पुन्हा पुन्हा नोंदवला गेला. २०११ च्या अहवालानुसार त्याचा संबंध ३२ व्या वर्षीचे आरोग्य, पैसा आणि गुन्हेगारीशी दिसून आला. घरची आर्थिक स्थिती आणि बुद्ध्यंक वजा करूनही. मात्र त्यासाठी आठ वर्षे आणि अनेक साक्षीदार लागले. एक बशी आणि १५ मिनिटे पुरली नाहीत.

२९/ प्रयोग देशोदेशी गेला तेव्हा आणखी गंमत झाली. कॅमेरूनमधील न्सो शेतकरी समाजातील ४ वर्षांच्या मुलांसमोर तेथील तळलेला गोड वडा ठेवण्यात आला. सुमारे ७० टक्के मुले शेवटपर्यंत थांबली, काही तर बसल्या जागी झोपी गेली. जर्मनीतील मध्यमवर्गीय मुलांत हे प्रमाण २८ टक्के होते. 'थांबणारे मूल समृद्ध होते' हा नियम खरा मानला, तर आजच्या जर्मनीची आणि कॅमेरूनची अदलाबदल करावी लागेल. न्सो घरांत मोठ्यांनी सांगितलेले ऐकायचे आणि गप्प बसायचे, हे तान्हेपणापासून शिकवले जाते. मुलांनी तेच केले.

३०/ २०२२ च्या एका अभ्यासात जपानी मुले खाऊसाठी अमेरिकी मुलांपेक्षा पुष्कळ अधिक थांबली. पण खाऊच्या जागी वेष्टनात गुंडाळलेली भेट ठेवताच अमेरिकी मुले पुढे गेली. जपानी घरात सर्वांची पाने वाढून होईपर्यंत घास घ्यायचा नसतो. अमेरिकी घरात वाढदिवसाची आणि नाताळची भेट ठरल्या वेळेआधी उघडायची नसते. नैवेद्य दाखवून होईपर्यंत मोदकाला हात न लावणाऱ्या मराठी घरातील मुलाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ते मूल गणपतीसमोर तासभर थांबते. त्याच मुलासमोर इतर दिवशी चकलीचा डबा उघडा ठेवून पाहावा.

३१/ महाराष्ट्रातील शाळांतून शिक्षणहक्क कायद्यानंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील वर्णनात्मक नोंदींमध्ये मुलाच्या व्यक्तिमत्त्वाविषयीही शिक्षकांना लिहावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्वंगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. म्हणजे 'चंचल आहे', 'चिकाटीने काम करतो' असे शेरे अधिकाधिक लिहिले जातील. ऊसतोडीच्या हंगामात जे मूल सहा महिने फडावर आणि सहा महिने गावात असते, शाळा नावात आहे पण तेथे वर्षभर कधी बसता आलेले नाही, त्याच्या पत्रकात यांपैकी कोणता शेरा येईल, आणि तो कोणाविषयीचा असेल?

३२/ मिशेल १९८३ पासून कोलंबिया विद्यापीठात होते. २०१४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. चार वर्षांच्या मुलाचे भविष्य बशीत दिसते हा समज चुकीचा आहे, हे त्यात आणि त्यानंतरच्या मुलाखतींत ते सांगत राहिले. नाव मात्र 'द मार्शमेलो टेस्ट' असेच ठेवावे लागले. त्या नावानेच तर लोक त्यांना ओळखत होते. १२ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

३३/ त्यांचे नाव असलेला एक निबंध २०२० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. बिंग बालवाडीतील मुले आता चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकलेली होती. विश्लेषण कसे करायचे हे संशोधकांनी आधीच लेखी ठरवून ठेवले होते, म्हणजे आकडे पाहून मागाहून सोयीचा निष्कर्ष काढायला वाव राहू नये. शिक्षण, उत्पन्न, कर्ज, बचत अशा अनेक बाजूंनी ११३ जणांची माहिती तपासली गेली. बालवाडीतील त्या काही मिनिटांवरून यांतले जवळजवळ काहीच सांगता येत नव्हते. बालपण ते प्रौढपण या काळात अनेकदा नोंदवलेल्या आत्मसंयमाच्या मोजमापांवरून थोडेफार सांगता येत होते.